सहा संगणकांचा एक गुरुवार

आमच्या कार्यालयात एक कॅलेंडर होतं. ते पाण्याच्या पिंपाशेजारच्या खिळ्याला टांगलेलं असे आणि त्याला सुतळीने एक पेन्सिल बांधलेली असे. कुणाला बाहेर जायचं असेल, कुणाला रजा हवी असेल, कुणाकडे कोण येणार असेल, तर तो माणूस पाणी प्यायला जाई आणि त्या तारखेच्या चौकोनात दोन शब्द लिहून येई. पुढचा माणूस पाणी प्यायला गेला की ते वाचत असे. ही पद्धत एकोणीस वर्षं चालू होती आणि एकोणीस वर्षांत तिच्याबद्दल एकही तक्रार आलेली नव्हती. तक्रार नाही म्हणजे पद्धतीकडे कुणाचं लक्षच नाही, असा निष्कर्ष साहेबांनी काढला आणि गेल्या वर्षी सुधारणेचं काम हाती घेतलं.

आधी कार्यालयाची माहिती देतो. जुन्या इमारतींची मापं घेऊन त्यांचे नकाशे करून देणं हे आमचं काम. माणसं पाच. साहेब. मी, म्हणजे हेडक्लार्क. इमारतीत जाऊन टेप लावून मापं आणणारे मोजणीदार. त्या मापांवरून नकाशे काढणाऱ्या नकाशेवाल्या बाई. आणि दाराशी बसून फोन घेणाऱ्या ताई. संगणक मात्र सहा. सहावा आप्पांचा. आप्पा माझ्या आधीचे हेडक्लार्क. ते सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण जाताना पासवर्ड सांगायला विसरले, त्यामुळे त्यांचा संगणक सेवेतच राहिला. कोपऱ्यात तो दिवसभर घरघरत असे. त्याच्या आतल्या घड्याळाचंही काहीतरी बिनसलं होतं. वीज जाऊन आली की त्यात एक जानेवारी उजाडत असे.

साहेब एकदा जुन्या मित्राच्या कार्यालयात जाऊन आले. तिथे प्रत्येकाच्या संगणकावर सगळ्यांच्या तारखा दिसत होत्या, त्याही रंगीत. साहेब कुठे जाऊन आले की आम्ही थोडे धास्तावतोच. दुसऱ्या दिवशी त्यांनी संगणकवाल्याला बोलावलं. संगणकवाल्याने सहाही यंत्रं बघितली, चहा घेतला आणि सांगितलं की एक सर्व्हर घ्या.

“सर्व्हर म्हणजे नक्की काय करतो?” साहेबांनी विचारलं.

“तो सगळ्यांच्या वर असतो, साहेब. बाकीचे सगळे त्याला विचारून चालतात.”

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “या कार्यालयात ते पद भरलेलं आहे.”

अशा रीतीने सर्व्हर न घेण्याचा निर्णय झाला. तारखा बाहेरच्या कुणाच्या यंत्रावर ठेवता येतात, पैसेही पडत नाहीत, असं संगणकवाला जाता जाता म्हणाला. पण तसं केलं तर आपण किती वेळ रिकामे असतो हे बाहेरच्यांना कळेल, अशी साहेबांना भीती वाटली. भीती अगदीच अनाठायी नव्हती. तेव्हा सर्व्हरशिवाय, आपल्या आपल्यात, सहकाराच्या तत्त्वावर तारखा वाटून घ्यायच्या असं ठरलं. भिंतीवरचं कॅलेंडर समारंभपूर्वक उतरवण्यात आलं. त्याला यापुढे कॅलेंडर म्हणायचं आणि संगणकावरचीला दिनदर्शिका म्हणायचं, असं परिपत्रक मी काढलं. खिळा मात्र राहिला, कारण तो काढण्याबद्दल परिपत्रकात काही म्हटलेलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात सामाईक दिनदर्शिका साहेबांच्या संगणकावर ठेवली. उरलेल्या चौघांनी ती तिथूनच उघडायची. एकाने उघडली की बाकीच्यांना ती नुसती बघता येई, लिहिता येत नसे. त्यामुळे जो सकाळी पहिला येई त्याच्याच कामांची नोंद होई. नकाशेवाल्या बाई सव्वाआठला येऊ लागल्या. मग मोजणीदार आठला. ताईंनी एकदा पावणेआठला येऊन सगळ्यांवर मात केली, पण किल्ली माझ्याकडे असल्यामुळे त्या मी येईपर्यंत पायरीवर बसल्या. शिवाय साहेब तीन वाजता संगणक बंद करून घरी जात, आणि तीननंतर कार्यालयाला भविष्यकाळ उरत नसे.

मग असा संगणक शोधायला हवा होता जो कुणी कधीच बंद करत नाही. तो होता, आप्पांचा. वीज आली की तो आपणच चालू होई, पण हाताने बंद केल्यावर होईल की नाही याची खात्री नसल्याने त्याला सहा वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता. साहेबांनी तो संगणक सगळ्यांच्या मध्ये असल्याचं जाहीर केलं.

“म्हणजे तो सर्व्हरच झाला की,” ताई म्हणाल्या.

“नाही. तो आप्पांचा संगणक आहे,” साहेब म्हणाले.

पण आप्पांच्या संगणकात डोकावता येई, लिहिता येत नसे. त्यात काय आहे ते आम्हाला दिसे. आप्पांनी सहा वर्षांपूर्वी भरलेली एक दिनदर्शिका त्यात होती, आणि ती जशीच्या तशी पुढे पुढे सरकत होती. बदल करायचा तर पासवर्ड हवा. तेव्हा तिसरा मार्ग निघाला. एक पेनड्राइव्ह विकत आणला, त्याला निळी फीत लावली आणि ती माझ्या गळ्यात घातली. मी दिनदर्शिका समन्वयक झालो. रोज सकाळी दहा वाजता मी साहेबांच्या संगणकापासून फेरी सुरू करायची, प्रत्येकाच्या तारखा गोळा करायच्या आणि परत येताना सगळ्यांच्या तारखा सगळ्यांना वाटायच्या. खरं सांगायचं तर ती फीत गळ्यात पडल्यापासून मला बरं वाटू लागलं होतं. मी जवळ आलो की लोक खुर्ची मागे सरकवत.

फेरीचा एक परिणाम आम्ही धरला नव्हता. गोळा केलेली तारीख वाटली की ती ज्याची होती त्यालाही पुन्हा मिळे, आणि दुसऱ्या दिवशी ती दोनदा गोळा होई. साहेबांच्या दंतवैद्याकडच्या एका भेटीच्या आठवड्याभरात अकरा भेटी झाल्या. त्यातल्या तीन भेटींना साहेब जाऊन आले, आणि दंतवैद्याने तिन्ही वेळा तोंडात काही ना काही शोधून काढलं. नकाशेवाल्या बाईंच्या पुतणीचं बारसं सलग चार शनिवार दिसत होतं. त्या मात्र एकाच शनिवारी गेल्या, आणि उरलेल्या तिन्ही शनिवारी कार्यालयात असूनही बारशाला आहेत असं समजून कुणी त्यांना काम सांगितलं नाही. पुढे एका संगणकावर एक आणि दुसऱ्यावर भलतंच दिसू लागलं. तेव्हा साहेबांनी परिपत्रक क्रमांक चार काढलं. ते मीच लिहिलं होतं, म्हणून त्याचा मथितार्थ देतो.

दिनदर्शिकेत जे आहे तीच वस्तुस्थिती समजावी. संगणकांमध्ये एकवाक्यता नसेल तेव्हा बहुमताने ठरवावं. मतं समसमान पडली तर सेवाज्येष्ठ संगणकाचं म्हणणं ग्राह्य धरावं. आणि रजेवर असलेल्या कर्मचाऱ्यास कार्यालयातून फोन करून त्रास देऊ नये. हे शेवटचं साहेबांनी मित्राच्या कार्यालयातून आणलं होतं. तिथल्या भिंतीवर माणसाच्या मनःशांतीविषयी एक मोठं चित्र लावलेलं होतं म्हणे.

इथे मोजणीदारांच्या आईचा विषय सुरू होतो.

मोजणीदार आणि त्यांची आई, घरात दोघंच. आईला मोतीबिंदू झालेला. एक डोळा जवळजवळ गेल्यातच जमा, दुसऱ्याने माणूस आहे की दार आहे एवढं कळे. डोळ्यांच्या हॉस्पिटलात तीन महिने थांबल्यावर त्यांना ऑपरेशनसाठी सतरा तारखेचा गुरुवार मिळाला. बरोबर जवळचा नातेवाईक हवा, त्याची सही हवी, त्याशिवाय आत घेणार नाहीत, असं चिठ्ठीवर छापलेलं होतं. मोजणीदारांनी पंधरा दिवस आधी आपल्या संगणकात रजा भरली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, आईला घेऊन डोळ्यांच्या हॉस्पिटलात. मी ती नोंद रीतसर गोळा केली, रीतसर वाटली, आणि ती रीतसर अर्ध्याच ठिकाणी पोहोचली.

मोजणीदारांच्या संगणकात गुरुवारी रजा होती. माझ्यात होती. ताईंच्यात होती. साहेबांच्या संगणकात मात्र त्या दिवशी मोजणीदार जुन्या छापखान्याच्या इमारतीत मापं घेत होते. नकाशेवाल्या बाईंच्यातही तेच, कारण त्या नकाशाची वाट बघत होत्या आणि त्यांनी ती नोंद जपून ठेवली होती. म्हणजे तीन विरुद्ध दोन. मी मोजणीदारांना म्हटलं, काळजी करू नका, बहुमत आहे. मग साहेबांनी आठवण करून दिली की संगणक सहा आहेत.

आप्पांच्या संगणकात एक नोंद होती. दर गुरुवारी, मोजणीदार, साइटवर. शेवटची तारीख नव्हती. ती जशी गेल्या सहा वर्षांतल्या प्रत्येक गुरुवारी होती तशीच पुढच्या सगळ्या गुरुवारी होती. मी कुतूहल म्हणून पुढे बघत गेलो. चाळीस वर्षांनंतरही मोजणीदार गुरुवारी साइटवर दिसत होते. मतं तीन-तीन झाली आणि सेवाज्येष्ठतेच्या नियमाने रजा नामंजूर झाली.

मोजणीदार तसे शांत गृहस्थ. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या संध्याकाळी ते आप्पांच्या घरी गेले. तिथे काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. आप्पांना ती नोंद आठवत होती. ती एका आठवड्यापुरतीच होती, शेवटची तारीख टाकायची राहून गेली, असं ते म्हणाले आणि हळहळले. आप्पांनी तेव्हा तोंडीही सांगितलं असल्यामुळे मोजणीदार सहा वर्षं दर गुरुवारी इमानेइतबारे साइटवर जात आले होते. साइट नसेल तर ते स्वतः शोधून काढत. पासवर्डचं विचारल्यावर आप्पा म्हणाले, सोपा आहे, बायकोची जन्मतारीख. पण ती तारीख त्यांना आठवेना. ती त्यांनी आपल्या खाजगी यादीत लिहून ठेवली होती. यादी संगणकाच्या बंद कप्प्यात होती आणि कप्प्याला पासवर्ड होता. मोजणीदार म्हणाले, वहिनींनाच विचारू की. आप्पांनी त्यांचा हात धरला आणि कुजबुजत म्हणाले की लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, आता विचारणं बरं दिसणार नाही. आतून आप्पांच्या बायकोनेच तारीख सांगितली. मोजणीदारांनी ती दुसऱ्या दिवशी आमच्यासमोर घालून बघितली. चालली नाही. म्हणजे आप्पा नोकरीत असेपर्यंत भलत्याच दिवशी वाढदिवस साजरा करत होते, आणि त्या बाई काही बोलल्या नव्हत्या.

आप्पांनी लेखी दिलं की ती नोंद रद्द समजावी. पण लेखी कागद दिनदर्शिकेत भरायची सोय नव्हती. साहेबांनी विषय गांभीर्याने घेतला. ते मोजणीदारांना म्हणाले की आईचं ऐकून फार वाईट वाटलं, रजा मंजूर करावी असं त्यांचं वैयक्तिक मत आहे, पण वैयक्तिक मत हा सहा संगणकांतला एक संगणकही नाही. तेव्हा या प्रश्नावर सर्वांची बैठक घ्यायची. बैठकीसाठी सहाही दिनदर्शिकांत आम्हा चौघांना मोकळी असलेली वेळ मी शोधली. ती एकच निघाली, गुरुवार, सतरा तारीख, सकाळी अकरा.

“पण मला साडेदहाला तिकडे पोचायचंय,” मोजणीदार म्हणाले.

“तुम्ही बैठकीला यायचंच नाहीये. तुमचा हितसंबंध आहे ना त्यात,” मी समजावलं.

बुधवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर ते माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. टेपची पिशवी खांद्याला होती. ते बराच वेळ माझ्या गळ्यातल्या फितीकडे बघत होते.

“दादा, नियम बियम जाऊ दे. तुम्ही नुसतं जा म्हणा. मी जातो. पुढचं काय ते मी बघेन.”

मला त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटत होतं. जा, एवढं एकच अक्षर होतं. पण मी समन्वयक होतो. मी जा म्हटलं असतं तर ते माझं म्हणणं झालं असतं, आणि उद्या कुणी विचारलं असतं तर मी कोणत्या संगणकाकडे बोट दाखवणार होतो? मी म्हटलं, “आज रात्रीपर्यंतच्या नोंदीनुसार तुम्ही उद्या साइटवर आहात. बैठकीत काय होतं ते बघू.” ते मान हलवून गेले. बारा वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही मेमो मिळालेला नव्हता, आणि असल्या माणसाला तो रेकॉर्ड जपायची सवय लागते.

गुरुवारी सकाळी नऊला मीच कपाट उघडून त्यांना लांब टेप काढून दिली. ते म्हणाले की आईला शेजारच्या बाईंनी बसमध्ये बसवून दिलंय, हॉस्पिटल शेवटच्याच थांब्याला आहे, तिथले लोक समजून घेतील. मग ते छापखान्याच्या इमारतीकडे गेले. खिडकीतून मला ते रस्ता ओलांडताना दिसले.

अकराला बैठक सुरू झाली. साहेबांनी प्रास्ताविक केलं. नकाशेवाल्या बाई म्हणाल्या की छापखान्याची मापं आजच मिळाली नाहीत तर नकाशा लांबेल. तेव्हा ताईंनी हात वर केला आणि विचारलं की मापं आज मिळणारच कशी? छापखान्याच्या मालकाचा सोमवारीच फोन आला होता. गुरुवारी इमारत बंद आहे, कुलूप असेल, कुणी येऊ नका. ताईंनी ते लगेच आपल्या संगणकात लिहिलं होतं. मंगळवारी मी फेरीत ते गोळा केलं होतं. वाटलं नव्हतं, कारण मंगळवारी पेनड्राइव्ह दंतवैद्याच्या भेटींनी भरून गेला होता.

हे ऐकल्यावर सगळं सोपं झालं. साइट बंद, म्हणजे साइटवर असण्याची नोंद निरर्थक. साहेबांनी आपल्या संगणकातली नोंद बदलली, नकाशेवाल्या बाईंनी बदलली, आणि मोजणीदारांची रजा पाच विरुद्ध एक मतांनी, सकाळपासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर झाली. साहेब म्हणाले की यंत्रणा आपली चूक आपणच दुरुस्त करते ती अशी. आम्ही टाळ्याही वाजवल्या. मी खास फेरी काढली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी पाचही संगणकांत मोजणीदार रजेवर गेले.

त्यांना हे कळवायला हवं, असं ताईंना वाटलं. मी परिपत्रकाचा शेवटचा नियम दाखवला. रजेवरच्या माणसाला फोन करता येत नाही, आणि ते आता रजेवर होते.

सव्वाअकराला दारातून एक म्हाताऱ्या बाई आत आल्या. एक हात भिंतीला लावलेला, दुसऱ्या हातात एक मळकी चिठ्ठी. भिंत चाचपत त्या माझ्या टेबलापर्यंत आल्या. वाटेत त्यांचा हात कॅलेंडरच्या खिळ्याला लागला आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला.

“दादा, माझा मुलगा आहे का हो इथे? मापं घ्यायचं काम करतो.”

कुणीही आलं की पडद्यावर बघूनच उत्तर द्यायचं असा शिरस्ता होता. मी बघितलं. “ते आज रजेवर आहेत, मावशी.”

“रजेवर? मला तर म्हणाला रजा नाही मिळाली. कुठे गेलाय मग?”

मी कारणाचा रकाना वाचला. “आईला घेऊन डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेलेत.”

त्यांनी चेहरा माझ्या दिशेने वळवला. “आईला घेऊन?”

“हो. साडेदहाचीच वेळ आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग मीही तिथेच असेन. इथे कशी काय आले कोण जाणे.”

त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं. ताई खुर्चीतून उठल्या, त्यांना बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. हॉस्पिटलात सहीसाठी मुलगा लागेल म्हणाले आणि रिक्षात बसवून इकडे धाडलं, असं त्या सांगत होत्या. साडेबारापर्यंत घेऊन या, नाहीतर नंबर जाईल. त्यांचा फोन घरीच राहिला होता, आणि असता तरी आकडे दिसले नसते. ताईंनी आपल्या खणातून भिंतीवरचं ते जुनं कॅलेंडर बाहेर काढलं. मला वाटलं होतं ते रद्दीत गेलं. सतरा तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, मोजणीदार, आईचा डोळा.

“हे बघा. आणि ह्या बघा,” ताई म्हणाल्या. “सकाळी तुम्हीच त्यांना टेप काढून दिलीत ना? मी बघत होते.”

दिली होती. पण ती नऊ वाजता. अकरा वाजून दहा मिनिटांनी वस्तुस्थिती बदलली होती, आणि ती बदलण्याच्या फेरीवर मीच गेलो होतो. मी ताईंना सांगितलं की ते कॅलेंडर अधिकृत नाही. फोन करायचाच असेल तर नियमातून सूट मिळण्यासाठी साहेबांना अर्ज करावा लागेल. त्यांनी उभ्याउभ्या अर्ज लिहिला. साहेब आपल्या खोलीत दार उघडं टाकून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या दिनदर्शिकेत मात्र बारापर्यंत बैठक होती, कारण आमची बैठक लवकर आटोपल्याची नोंद कुणी केली नव्हती. आम्ही बारापर्यंत दारात थांबलो. मग साहेबांनी अर्ज वाचला, फार मानवी प्रश्न आहे म्हणाले, आणि बारा वाजून वीस मिनिटांनी सही केली.

मोजणीदार एकला दहा कमी असताना धावत आले. छापखान्याच्या कुलूप लावलेल्या दाराशी ते साडेनऊपासून उभे होते. कुणीतरी किल्ली घेऊन येईल असं त्यांना वाटत होतं. कारण नोंदीनुसार मापं व्हायचीच होती. वेळ जावा म्हणून त्यांनी दाराचं बाहेरून माप घेतलं होतं.

ते आईसमोर उकिडवे बसले. त्यांच्या हातातली चिठ्ठी घेऊन त्यांनी वाचली. मग ताईंनी हॉस्पिटलात फोन लावून दिला. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. तोही गुरुवारच होता.

निघताना आई माझ्या टेबलाशी थांबल्या. त्यांनी चाचपून माझा हात शोधला आणि त्यावर आपला हात ठेवला.

“दादा, तुम्ही कुणाला दाखवता डोळे?”

मी म्हटलं की माझे डोळे चांगले आहेत, चष्माही नाही.

“सुरुवातीला असंच वाटतं,” त्या म्हणाल्या. “दाखवून घ्या हो. अंगावर काढू नका.”

पुढचं थोडक्यात. रजा मंजूर असताना विनापरवानगी कामावर हजर राहिल्याबद्दल मोजणीदारांना मेमो देण्यात आला. बारा वर्षांतला पहिला. त्यांनी खुलाशाऐवजी राजीनामा दिला. टेपची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले की पहिल्या मीटरपर्यंतचा भाग जरा झिजलाय, नवीन माणसाला सांगा. तीन महिन्यांनी आईचं ऑपरेशन झालं आणि त्यांना आता घड्याळातला सेकंदकाटा दिसतो, असं ताईंकडून कळलं. आमच्या दप्तरी मात्र ते ऑपरेशन सतरा तारखेलाच, पाच विरुद्ध एक मतांनी झालेलं आहे. आप्पांच्या संगणकात मोजणीदार अजून दर गुरुवारी साइटवर असतात.

जागा भरणं भाग होतं. मी जाहिरात लिहिली. टेप धरता यावी ही एक अट होती. दुसरी अट साहेबांनी घातली, की समोर उभा असलेला माणूस कुठे आहे, हे उमेदवाराला पडद्यावर बघून सांगता आलं पाहिजे. असली माणसं कुठून मिळणार, अशी मला शंका होती. अर्ज आले दोनशे सात. मुलाखतीत सराव किती आहे असं विचारलं की बहुतेक सगळे एकच सांगत, की घरी जेवायच्या टेबलावर रोजचाच आहे. आई समोर बसलेली असते, आपण फोनमध्ये बघत तिला सांगतो की या आठवड्यात अजिबात वेळ नाही.

तुमची मुलाखत मंगळवारी होती. तुम्ही आल्याचं मला आठवत नाही, पण सहापैकी चार संगणकांनुसार तुम्ही येऊन गेलात, उत्तरं छान दिलीत आणि तुमची निवड झाली आहे. गुरुवारी सकाळी नऊला टेप घ्यायला या. त्या दिवशी घरी कुणाला कुठे न्यायचं असेल तर आत्ताच सांगा. मी नोंद करून ठेवतो.